गुप्तवार्तेच्या गोषवाऱ्यासोबत त्याच्या अटीही पोचल्या पाहिजेत

प्रति,
भागीदार यंत्रणांमधील गुप्तवार्तेच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणाऱ्या समन्वय समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य

विषय: निवडक गुप्तवार्तेचे गोषवारे भागीदारांना पाठवण्याच्या पद्धतीत सुधारणा करण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या समित्यांपुढे सुरक्षित देवाणघेवाणीचा विषय येतो, तेव्हा चर्चा बहुधा वाहिनीभोवतीच फिरत राहते. संदेश कोणत्या पद्धतीने कूटबद्ध करावा, किल्ल्या कोणाच्या ताब्यात असाव्यात, वरच्या आणि खालच्या वर्गीकरणाच्या जाळ्यांमध्ये एकाच दिशेने माहिती सोडणारे उपकरण बसवावे की दोन्ही बाजूंनी तपासणी करणारी व्यवस्था उभारावी, यावर बैठकांमागून बैठका होतात, आणि त्या व्हायलाही हव्यात. मात्र देवाणघेवाणीतून घडलेल्या ज्या गंभीर प्रकरणांचा चौकशी आयोगांनी सविस्तर माग काढला, त्यांतील निदान दोन अशी आहेत की तेथे कोणतेही कुलूप तुटले नव्हते. माहिती अधिकृत हातांतून अधिकृत हातांतच गेली, आणि तरीही अनर्थ झाला. मूळ माहितीला चिकटलेल्या शंका, मर्यादा आणि अटी वाटेत गळून पडल्या होत्या, आणि त्या गळल्याचे घेणाऱ्याला कळावे अशी कोणतीही सोय ठेवलेली नव्हती. हे पत्र त्या गळतीविषयी आहे.

मी बरीच वर्षे असे गोषवारे लिहिण्याचे आणि इतरांनी लिहिलेले तपासण्याचे काम केले आहे, म्हणून ही गळती प्रत्यक्षात कशी होते ते आधी सांगतो. समजा, कच्च्या अहवालात असे वाक्य आहे: ‘एका नव्या स्रोताने सांगितले, की त्याच्या ओळखीच्या एकाने अमुक व्यक्तीला तमुक गटाच्या माणसासोबत एकदा पाहिले होते, स्रोताची विश्वासार्हता अद्याप ठरवता आलेली नाही.’ पहिल्या गोषवाऱ्यात जागा कमी असते, म्हणून त्याचे असे होते: ‘अमुक व्यक्ती तमुक गटाच्या संपर्कात असल्याची माहिती एका स्रोताने दिली आहे.’ ऐकीव गोष्ट येथे थेट माहिती झाली आणि एकदाची भेट संपर्क ठरली. हा गोषवारा हाती आल्यावर भागीदार यंत्रणा आपल्या साप्ताहिक आढाव्यात लिहिते: ‘अमुक व्यक्तीचे तमुक गटाशी संबंध असल्याचे समजते.’ पुढे त्या आढाव्यावरून कोणीतरी यादी तयार करतो, आणि यादीत वाक्यांना जागाच नसते; नावाचा एक रकाना असतो आणि त्यापुढे गटाचा. या साखळीत जाणूनबुजून खोटे कोणीही लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने नेटके संक्षेपण केले, आणि आपल्या कामात नेटकेपणाला शाबासकी मिळते हे आपण जाणताच.

हे कागदावरचे उदाहरण वाटत असेल, तर माहेर अरार यांचे प्रकरण पाहावे. सीरियात जन्मलेल्या या कॅनडाच्या नागरिकाला २६ सप्टेंबर २००२ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर विमान बदलताना ताब्यात घेण्यात आले, पुढच्याच महिन्यात जॉर्डनमार्गे सीरियात धाडण्यात आले, आणि तेथे जवळजवळ वर्षभराच्या कोठडीत त्यांचा छळ झाला. न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या आयोगाने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले, की अरार यांनी कोणताही गुन्हा केल्याचा पुरावा नाही, आणि त्यांना सीरियात पाठवणारे अमेरिकी अधिकारी कॅनडाच्या पोलिसांकडून आलेल्या चुकीच्या माहितीवर विसंबले असण्याची दाट शक्यता आहे. त्या माहितीत अरार आणि त्यांची पत्नी यांचे वर्णन अल-कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेले धार्मिक अतिरेकी असे केलेले होते. समित्यांनी बारकाईने पाहावी अशी गोष्ट यापुढची आहे. तपास पथकाने आपली सगळी तपास-सामग्री सीडींवर भरून अमेरिकी यंत्रणांच्या हवाली केली, आणि ती आमच्या परवानगीशिवाय पुढे देऊ नये किंवा अन्य कामासाठी वापरू नये, अशा अर्थाचा जो शेरा पोलिसांच्याच धोरणानुसार जोडायला हवा होता, तो जोडला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर असे शेरे आता लागू नाहीत, अशी काही अधिकाऱ्यांची समजूत झाली होती. कॅनडा सरकारने जानेवारी २००७ मध्ये अरार यांची माफी मागितली आणि एक कोटी पाच लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई दिली. एका ओळीच्या शेऱ्याने हे सारे टळले असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु शेरा असता, तर घेणाऱ्याला निदान एकदा उलट विचारावे लागले असते, आणि तो प्रश्न आला असता, तर उत्तर देणाऱ्याला आपलीच फाइल पुन्हा उघडून ‘अतिरेकी’ हे वर्णन कशाच्या आधारावर लिहिले होते ते तपासावे लागले असते.

दुसऱ्या प्रकरणात शंका कळली होती, पण ती माहितीपर्यंत पोचली नाही. इराककडे जैविक शस्त्रे बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, या दाव्याचा मुख्य आधार ‘कर्व्हबॉल’ असे सांकेतिक नाव दिलेला एक स्रोत होता. तो जर्मन गुप्तचर संस्थेच्या हाताखाली होता, त्याच्याशी अमेरिकी अधिकाऱ्यांना थेट बोलू दिले जात नव्हते, आणि त्याच्या जबानीचे सुमारे शंभर अहवाल अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेमार्फत पुढे वाटले गेले. पुढे तो स्रोत भाकडकथा सांगत होता हे सिद्ध झाले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. कमी परिचित आहे ते त्याच दाव्याला दुजोरा देणाऱ्या आणखी एका स्रोताचे. त्याची माहिती बनावट असल्याची सूचना अमेरिकेच्या त्याच संरक्षण गुप्तवार्ता संस्थेने मे २००२ मध्ये काढली होती. तरीही त्याचे म्हणणे त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यांकनात आले आणि ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे झालेल्या अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या भाषणातही आले. सूचना निघाली होती, पण मूळ अहवाल रीतसर मागे घेतला गेला नव्हता, आणि तो वाचणाऱ्याला सूचना दिसेलच याची हमी नव्हती. मजकूर रद्द केल्याची खबर तो मजकूर जिथे जिथे गेला तिथे तिथे आपणहून गेली पाहिजे; वाचकानेच ती शोधून काढावी अशी अपेक्षा असेल, तर तो नियम असून नसल्यासारखा आहे.

यावरून कोणी ‘मग देऊच नका’ असा निष्कर्ष काढणार असेल, तर मला तो मान्य नाही. न देण्याची किंमतही नोंदलेली आहे. जानेवारी २००० मध्ये अल-कायदाच्या क्वालालंपूरच्या बैठकीला हजर राहिलेल्या आणि पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात विमान अपहरणकर्ता ठरलेल्या खालिद अल-मिहधारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, हे अमेरिकी गुप्तचर संस्थेला त्याच सुमारास कळले होते, पण त्याचे नाव निगराणीच्या यादीत चढले ते ऑगस्ट २००१ च्या अखेरीस, हल्ल्याला तीन आठवडेही उरलेले नसताना. त्यानंतर २००४ मध्ये त्या हल्ल्याच्या चौकशी आयोगाने ‘गरज असेल त्यालाच कळावे’ या जुन्या वृत्तीऐवजी देण्याची वृत्ती रुजवा असे सांगितले, आणि यंत्रणांनी ते इतके मनावर घेतले की अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सुमारे अडीच लाख तारा, म्हणजे वकिलातींचे अंतर्गत संदेश, एका लष्करी जाळ्यावरून उतरवून घेणे एका कनिष्ठ विश्लेषकाला शक्य झाले. २०१० मध्ये त्या फुटल्यावर त्या खात्याने आपला साठा त्या जाळ्यापासून तोडून टाकला. दार सताड उघडायचे किंवा धाडकन लावून घ्यायचे, या दोनच चाली आपल्याला येतात की काय, असे कधी कधी वाटते. नीट निवडलेला, नीट लिहिलेला गोषवारा ही तिसरी चाल आहे: साठा आपल्याकडेच राहतो, आणि भागीदाराला कामापुरते, समजेल असे, जबाबदारीने दिलेले मिळते. म्हणूनच तो कसा लिहिला जातो याकडे कारकुनी काम म्हणून पाहून चालणार नाही.

या बाबतीत संगणक-सुरक्षेच्या क्षेत्राने बरीच मजल मारली आहे. तेथे ‘ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल’ ही रंगांची पद्धत रूढ आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार लाल म्हणजे फक्त समोरच्या व्यक्तीपुरते; अंबर म्हणजे गरजेनुसार आपली संस्था आणि तिचे ग्राहक; अंबर-स्ट्रिक्ट म्हणजे केवळ आपली संस्था; हिरवा म्हणजे आपल्या क्षेत्रातील समुदाय; आणि पूर्वीच्या पांढऱ्याच्या जागी आलेला क्लिअर म्हणजे निर्बंध नाही. पद्धत सोपी आहे आणि म्हणूनच वापरात आहे. पण तिला एकच प्रश्न कळतो, तो म्हणजे मजकूर कोणापर्यंत जावा. मजकुराच्या बळावर काय करता येईल, याचे उत्तर तिच्यात नाही. एखाद्या सर्व्हरचा पत्ता अडवण्यासाठी कच्चा सुगावा पुरतो, कारण चूक झाली तर पत्ता पुन्हा खुला करता येतो. माणसाला विमानातून उतरवण्यासाठी तोच सुगावा पुरेसा नाही. त्यामुळे वितरणाची मर्यादा आणि वापराची मर्यादा हे दोन वेगळे रकाने असावेत, आणि दुसरा रिकामा असेल तर ‘केवळ माहितीसाठी, अटक, हद्दपारी, प्रवासबंदी किंवा न्यायालयीन कामासाठी पूर्वपरवानगी आवश्यक’ असाच त्याचा अर्थ धरला जावा, अशी माझी पहिली विनंती आहे.

याच क्षेत्रात यंत्रांनी वाचायच्या माहितीसाठी ‘स्टिक्स’ हे प्रमाणित स्वरूप वापरले जाते. त्यात प्रत्येक नोंदीला विश्वासाचा शून्य ते शंभर असा आकडा देता येतो, धोक्याच्या खुणेची मुदत कधी संपते ते लिहिता येते, आणि नोंद मागे घेतल्याची खूण करता येते. म्हणजे परत बोलावण्याची तांत्रिक सोय तयार आहे. अडचण अशी की माणसांनी माणसांसाठी लिहिलेला दोन पानी गोषवारा अजूनही बंद दस्तऐवज म्हणून जातो, घेणारा त्यातला परिच्छेद उचलून आपल्या अहवालात चिकटवतो, आणि तेथे त्या परिच्छेदाची नाळ तुटते. परिच्छेदागणिक क्रमांक, प्रत्येक क्रमांकावर पाठवणाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी, आणि उद्धृत करणाऱ्याने तो क्रमांक सोबत वाहून नेण्याचे बंधन, एवढे केले तरी पाठवणाऱ्याने ‘परिच्छेद चौथा मागे घेतला’ असे कळवताच तो जिथे वापरला गेला ती प्रत्येक जागा सापडू शकते. हे बंधन लिहिणाऱ्यांना जाचक वाटेल. मलाही वाटले असते. पण ज्याची नोंद ठेवता येत नाही ते उद्धृत करू नये, एवढी शिस्त आपण वकिलांकडून आणि इतिहासकारांकडून अपेक्षितोच.

मूल्यांकनाच्या खुणांविषयीही थोडे लिहितो. अनेक यंत्रणा स्रोताच्या विश्वासार्हतेसाठी ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे आणि माहितीच्या खरेपणासाठी १ ते ६ हे आकडे वापरतात. ‘एफ-६’ याचा अर्थ सर्वांत वाईट असा नसून, अजून ठरवता आलेले नाही असा आहे. ‘ई-५’ मात्र खरोखर नकारात्मक आहे. गोषवाऱ्यात ही खूण गाळली तर घेणारा मधला काहीतरी अर्थ धरतो, आणि खूण ठेवली पण तिचा अर्थ सांगितला नाही तर उलटा धरतो. शक्यतेच्या भाषेचेही तसेच आहे. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर आक्रमणाची गंभीर शक्यता वर्तवणारा अंदाज अमेरिकी गुप्तवार्ता-विश्लेषक शर्मन केंट यांच्या विभागाने दिला, तेव्हा केंट यांच्या मनात ६५ विरुद्ध ३५ असे प्रमाण होते. त्याच मजकुरावर सहमती देणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी विचारले तर कोणी २० विरुद्ध ८० सांगितले, कोणी ८० विरुद्ध २०. ही एका खोलीत बसलेल्या, एकच भाषा बोलणाऱ्या माणसांची गोष्ट. आपले गोषवारे दोन-तीन भाषांतून जातात. टक्केवारीची पट्टी एकदा ठरवून ती प्रत्येक गोषवाऱ्याच्या तळाशी छापावी. याला फार खर्च नाही.

आता सर्वांत अवघड मुद्दा. तीन भागीदारांकडून एकच गोष्ट कळली की आपण तिला दुजोरा मिळाला असे म्हणतो. पण तिघांनाही ती एकाच स्रोताकडून, किंवा तिघांपैकी एकानेच दिलेल्या गोषवाऱ्यातून मिळाली असेल तर तो दुजोरा नव्हे, प्रतिध्वनी आहे. स्रोत उघड करायचा नसल्यामुळे हे शोधणे कठीण होते, आणि स्रोत उघड न करणे हे योग्यच आहे. त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. तरीही मार्ग निघू शकतो. प्रत्येक यंत्रणेने आपल्या स्रोतांना अर्थहीन क्रमांक द्यावेत, हे क्रमांक भागीदारागणिक वेगळे असावेत, म्हणजे दोन भागीदार आपसांत ताळा करून स्रोताचा माग काढू शकणार नाहीत. आणि मूळ यंत्रणेतील एका छोट्या कक्षाकडे सर्व क्रमांकांचा मेळ असावा. घेणाऱ्याने त्या कक्षाला एवढेच विचारावे, की माझ्याकडच्या या दोन नोंदींचे मूळ एक आहे का, आणि कक्षाने होय, नाही किंवा सांगता येत नाही यांपैकी एक उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यावे. मात्र सलग प्रश्न विचारून कोणी माग काढू पाहील, म्हणून प्रश्नांची नोंद राहावी आणि संख्येला मर्यादा असावी. नोंदींची मुळे दोन वेगळ्या यंत्रणांत असतील, तर त्या दोन कक्षांनी आपसांत बोलल्याशिवाय उत्तर मिळणार नाही, आणि येथे तंत्रापेक्षा विश्वासाचाच कस लागेल. पण आज तो प्रश्न विचारण्याची खिडकीच अनेक ठिकाणी नाही.

वाहिनीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर आपल्याला सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मजकूर खालच्या वर्गीकरणात आणताना तो झाकू नये, नव्याने लिहावा. २००५ मध्ये इराकमधील बहुराष्ट्रीय सेनेने इटालियन अधिकारी निकोला कालिपारी यांच्या मृत्यूविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा काळ्या पट्ट्यांखालचा गोपनीय मजकूर नुसता कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवल्यावर वाचता येत होता. अहवालात एक आडवी रेषा मारून तिच्या खाली देण्याजोगा मजकूर स्वतंत्रपणे लिहिण्याची जुनी पद्धत आहे; ती रेषा मूळ लेखकाने, मूळ लिहितानाच मारावी. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी घाईत मारलेल्या रेषेच्या खाली काय काय राहून जाते, ते मी पाहिलेले आहे.

शेवटी देखरेखीचा प्रश्न. माहिती सीमा ओलांडते, देखरेख मात्र सीमेपाशी थांबते, आणि ‘ही माहिती भागीदाराची आहे, त्याच्या संमतीशिवाय दाखवता येणार नाही’ असे सांगून एका देशाच्या देखरेख मंडळाला दाराबाहेर ठेवता येते. बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथील देखरेख मंडळांनी २०१८ मध्ये संयुक्त निवेदन काढून हीच अडचण मांडली होती. मूळ मालकाचे नियंत्रण हे तत्त्व आवश्यक आहे. त्याशिवाय कोणी कोणाला काही देणार नाही. पण ते भागीदारांमधील विश्वासाचे तत्त्व आहे, कायद्याच्या वरचे नव्हे. २०१० मध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात ठेवले गेलेल्या बिन्याम मोहम्मद यांच्या खटल्यात ब्रिटनच्या अपील न्यायालयाने अमेरिकेकडून मिळालेल्या माहितीचा सारांश देणारे सात परिच्छेद परराष्ट्रमंत्र्यांचा आक्षेप बाजूला ठेवून प्रसिद्ध करायला लावले, तेव्हा हे दिसून आले. तशी वेळ न्यायालयात येण्यापेक्षा, दोन्ही बाजूंच्या देखरेख मंडळांना परस्परांच्या नोंदी पाहता येतील अशी तरतूद भागीदारी करारातच असणे दोघांच्याही हिताचे आहे. माझी ही मागणी आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

हे सर्व एकदम होणार नाही, म्हणून सुरुवातीला एक मर्यादित काम सुचवतो. मागील वर्षी भागीदारांकडून आलेल्या गोषवाऱ्यांपैकी कोणतेही वीस निवडावेत, आणि त्यांतील प्रत्येक विधान आपल्या यंत्रणेत पुढे कुठे कुठे उतरले, कोणत्या यादीत गेले, त्यावर काय कार्यवाही झाली, आणि मूळ शेरा तिथपर्यंत टिकला का, हे अंतर्गत लेखापरीक्षण कक्षाकडून शोधून घ्यावे. त्याच वेळी आपण पाठवलेल्या वीस गोषवाऱ्यांबाबत भागीदाराला हेच करायला सांगावे. दोन्ही बाजूंचे निष्कर्ष पुढच्या संयुक्त बैठकीत, वाहिनीच्या विषयाआधी, कार्यसूचीवर घ्यावेत. एखादे विधान कुठे गेले ते सापडतच नसेल, तर तेही निष्कर्ष म्हणूनच नोंदवावे.

कळावे.

आपला विश्वासू,
गोषवारा-लेखनाचे काम केलेला एक निवृत्त विश्लेषक